मुक्ताचं 'उजवीकडे'

या सदरातल्या अनुभवांखाली "नक्की वाजले किती होते?" नाहीतर "मांजर असेल हो" असं लिहून रंगाचा बेरंग करणारा जो कोणी आहे, तो मीच. गेली सहा-सात वर्षं मी हे सगळं वाचतोय ते निव्वळ करमणूक म्हणून. चकवा, आवाज, पांढरी आकृती... एकही गोष्ट मला कधी पटली नाही. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर इथली जुनी मंडळी आधी पोटभर हसून घेतील. घ्या. माझी हरकत नाही.

त्यात आणखी एक पंचाईत आहे. हा अनुभव मला आलेलाच नाही. तो माझ्या मुलीला आला, आणि त्यात जो 'आवाज' होता तो माझा होता. मी मात्र त्या वेळी दीडशे मैलांवर घरच्या सोफ्यावर घोरत होतो!

नीट पहिल्यापासून सांगतो. आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहतो, अठ्ठावीस वर्षं झाली. मी मूळचा नाशिकचा, बायको संध्या नागपूरची. मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. म्हणजे एखादा पार्ट बिघडला की तो का बिघडला हे सापडेपर्यंत चार लोकांचं डोकं खायचं, याचा मला पगार मिळतो. मुलगी मुक्ता, वय सव्वीस, इथेच जन्मलेली, वूस्टरला फिजिकल थेरपिस्ट आहे. डावखुरी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुक्ता आठ वर्षांची असल्यापासून ती आणि मी न्यू हॅम्पशायरमधल्या एका डोंगरावर जातो. खरं नाव देत नाही, नाहीतर 'अमानवीय स्पॉट' म्हणून लोक गाड्या भरभरून जातील. माथा सपाट आहे, म्हणून आम्ही दोघं त्याला 'पाटा' म्हणतो. पहाटे पाचला घर सोडलं तर आठच्या आत पार्किंगला पोचतो. चढायला साडेतीन तास, उतरायला अडीच. पाट्यावर आम्ही सगळ्या ऋतूंत गेलोय. एप्रिलमध्ये वितळलेल्या बर्फाने वाटेचा नुसता राडा होतो, तेवढा महिना सोडायचा. मेअखेरीस काळ्या माश्या कानामागे फोडून काढतात. ऑक्टोबरात झाडं लाल-केशरी झाली की संध्याही येते, तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन, आणि अर्ध्या वाटेवर बसून "तुम्ही जाऊन या, मी इथूनच बघते" म्हणते. आणि जानेवारी-फेब्रुवारीत स्नोशू. बुटांखाली टेनिसच्या रॅकेटएवढी चौकट बांधायची आणि कंबरभर बर्फावरून बदकासारखं फेंगडं चालायचं. पहिल्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की जिन्याच्या पायऱ्या बसून उतराव्या लागतात. पण एकदा जमलं की त्याच्यासारखी शांतता दुसरीकडे नाही.

प्रत्येक फेरीची मी वहीत नोंद करतो. किती वाजता निघालो, तापमान, वारा, परतीची वाट. मुक्ता त्या वहीला 'बाबाची पोथी' म्हणते.

आता त्या शब्दाची गोष्ट. मुक्ता तीन वर्षांची असताना तिने जेवता जेवता विचारलं, "बाबा, उजवा म्हणजे कुठला?" मी पोळीचा तुकडा मोडत, तिच्याकडे न बघता, सगळे आईबाप सांगतात तेच सांगितलं — "ज्या हाताने जेवतेस ना, तो उजवा." तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि मान डोलावली. ती जेवत होती डाव्या हाताने! हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली. रविवारच्या मराठी शाळेत बाईंनी "उजवा हात वर करा" म्हटलं, सगळ्या वर्गाने एक हात वर केला आणि माझ्या मुलीने दुसरा. तोही ताठ, पूर्ण आत्मविश्वासाने. मुलं खदखदून हसली. घरी येईपर्यंत ती गाडीत मुसमुसत होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात डावं-उजवं बंद झालं. लेफ्ट आणि राइट, बस्स. इंग्रजीत ती कधीच चुकत नाही. मराठीत मात्र तिला अजून मनात उलटा हिशेब करावा लागतो. चूक माझी होती, पण लाज तिला वाटली. त्यामुळे गंमत म्हणूनसुद्धा मी तो विषय तिच्यासमोर कधी काढला नाही.

तो मी गेल्या फेब्रुवारीत काढला.

डिसेंबरअखेर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या वर्षीच्या स्नोशूच्या फेरीला मुक्ता तिच्या मैत्रिणीबरोबर जाणार होती. मैत्रिणीला ताप आला, तिने आयत्या वेळी कॅन्सल केलं. शनिवारी सकाळी बघतो तर ही बूट घालून तयार.

"एकटी?" मी विचारलं.

"बाबा, मी ट्वेंटी टाइम्स गेलेय तिथे. फोरकास्ट क्लिअर आहे. तीनपर्यंत खाली येते."

"फोरकास्ट आपल्या अंगणाचा बघतेस की डोंगराचा?"

"दोन्ही बघितले. तूच शिकवलंयस ना मला? देन ट्रस्ट मी, यार."

मला खरं तर भीती वाटत होती. पण भीती वाटते असं सरळ बोलायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी म्हणालो, "तुला अजून डावं-उजवं कळत नाही, आणि निघालीस एकटी बर्फात!"

एरवी घरातून निघताना ती "येते" म्हणते, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही. त्या दिवशी नुसता गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला, मग खाली आल्याचा. संध्या ओट्यापाशी उभी होती. "शोभलं का हे?" एवढंच म्हणाली.

नंतर सकाळभर ती मला सांगत होती, "अहो, फोन करा तिला." मी आधी म्हणालो, ती ड्राइव्ह करतेय. मग म्हणालो, आता चढत असेल. मग म्हणालो, वर रेंज नसते. तिन्ही कारणं खरी होती आणि तिन्ही बहाणे होते. जेवण झाल्यावर मी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून सोफ्यावर आडवा झालो आणि मला डोळा लागला.

जाग आली तेव्हा संध्या हातात झारा घेऊन समोर उभी होती आणि हसत होती. "काय बडबडत होता झोपेत? उजवीकडे, मुक्ता, उजवीकडे... दोनदा! मी घाबरून बाहेर आले, तर तुम्ही ठार झोपलेले."

मला काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. स्वप्न नाही, डोंगर नाही, काहीच नाही. फक्त घसा इतका कोरडा पडला होता की मी दोन तांबे पाणी प्यायलो. सकाळच्या बोलण्याने मन खात होतं, तेच झोपेत बाहेर आलं असणार... असं म्हणून आम्ही दोघांनी तो विषय सोडून दिला.

तीन पंचविसाला फोन वाजला. संध्याने स्पीकरवर घेतला. मुक्ताचा पहिला प्रश्न असा — "आई, बाबा कुठे आहे?"

"सोफ्यावर. का गं?"

"नो, आई. इज ही ॲक्चुअली देअर? तू बघू शकतेस का त्याला?"

"अगं, माझ्यासमोर बसलाय. काय झालं?"

पलीकडे ती रडायला लागली. मी उठायला गेलो आणि गुडघ्यातून अशी कळ आली की परत बसलो. मग मुक्ता म्हणाली, "आय ॲम फाइन. गाडीत आहे. हीटर लावलाय, फोन चार्जिंगला आहे. घरी येऊन सांगते."

साडेसहाला ती आली. गरम वरणभात पुढ्यात घेऊन, डाव्या हाताने कालवत, तिने जे सांगितलं ते असं.

चढताना ऊन होतं. पाट्यावर पोचेपर्यंत वारा सुटला आणि ती उतरायला लागली तोच ढग खाली आले. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी — जमीन पांढरी, हवा पांढरी, आभाळ पांढरं, आपलाच पाय कुठे टेकतोय ते कळत नाही. सकाळी स्वतःच उमटवलेल्या खुणा बुजून गेल्या होत्या. झाडीत शिरल्यावर वीसेक मिनिटांनी एक फाटा लागतो. उन्हाळ्यात तिथे पाटी दिसते, त्या दिवशी ती बर्फाखाली होती. डावीकडची वाट पार्किंगला जाते. उजवीकडे लाकूडतोडीचा जुना रस्ता आहे, तो ओढ्याच्या घळीत उतरतो. पुढे कित्येक मैल घर नाही की रस्ता नाही. आणि त्या दिवशी गंमत अशी झाली होती की डाव्या वाटेवर बर्फाच्या ओझ्याने स्प्रूसची झाडं वाकून तोंड बंद झालं होतं, आणि उजवीकडचा रस्ता मात्र रुंद, मोकळा, जणू 'या' म्हणत होता.

थंडीने फोन बंद पडलेला. होकायंत्र माझ्या सॅकमध्ये, आणि सॅक माझ्या कपाटात.

"मी तिथे उभी राहिले," मुक्ता म्हणाली. "आय वॉज सो शुअर की मोकळा रस्ता तोच आपला. एक पाय टाकला पण. अँड देन मला तू ऐकू आलास. मागून. तू नेहमी माझ्या मागे चालतोस ना, तितक्याच अंतरावरून."

"काय म्हणालो मी?"

"'उजवीकडे, मुक्ता. उजवीकडे.' दोनदा."

संध्याच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. लक्षात घ्या, झोपेतल्या बडबडीबद्दल आम्ही मुक्ताला तोपर्यंत एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

"मला राग आला," ती पुढे म्हणाली. "मला वाटलं हा माणूस ऑपरेशनवाला गुडघा घेऊन माझ्या मागे आला! मी ओरडले, 'बाबा, व्हॉट आर यू डुइंग हिअर?' मागे वळले. कोणी नव्हतं. आणि मग मी उजवीकडे वळले."

"पण तू तर उजवीकडेच निघाली होतीस," मी म्हणालो. "उजवीकडे म्हणजे घळ."

तिने जेवता हात वर केला. बोटांना वरणभात लागलेला, डावा हात. "हे उजवीकडे, बाबा. माझं. तू शिकवलेलं. मी ट्रान्सलेट केलंच नाही. पाय आपोआप वळला. तू तसंच बोलत होतास... ट्रेलवर ओरडतोस तसं नाही. जेवताना समजावतोस तसं."

ती वाकलेल्या फांद्यांखालून घुसली, मानेत गोळाभर बर्फ पडला आणि वीस पावलांवर झाडाच्या खोडावर निळा रंग दिसला. वाटेची खूण. तिथून पार्किंग सरळ.

मी ताबडतोब माफी मागायला हवी होती. मी काय केलं असेल? मी विचारलं, "किती वाजले होते?" संध्याने कपाळावर हात मारून घेतला. मग मात्र मी म्हणालो, "मुक्ता, सकाळी मी जे बोललो ते चुकलं. मला भीती वाटत होती." ती म्हणाली, "आय नो." आणि थोड्या वेळाने, "नशीब मला डावं-उजवं कळत नाही." त्यावर आम्ही तिघंही हसलो आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या धंद्याला लागलो. मुक्ताचं घड्याळ वाट दाखवत नाही, पण नोंदवतं. फोनला जोडलं की नकाशा उमटतो. त्यात ती फाट्यावर सहा मिनिटं थांबलेली दिसते आणि एक वाजून एक्कावन्न मिनिटांनी डावीकडे गेलेली. आमच्या शेगडीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे, म्हणून संध्याच्या 'दोनला पाच-सात कमी होते'वर माझा विश्वास नव्हता. मी तिला इतकं पिडलं की शेवटी ती म्हणाली, "अहो, मी तेव्हा शुभाला मेसेज केला होता. तो बघा आणि मला सोडा." शुभा म्हणजे तिची धाकटी बहीण, मिशिगनमध्ये ट्रॉयला असते. दोघींचं दिवसभर काहीबाही चालूच असतं.

मेसेजची वेळ एक त्रेपन्न. आता स्पष्टीकरणं. काळजीने मी झोपेत मुलीचं नाव घेतलं, यात नवल नाही. भेदरलेल्या मुलीच्या डोक्यात बापाचा आवाज घुमला, यातही नाही. सकाळच्या भांडणातला शब्द दोघांच्याही मनात रुतलेला होता, म्हणून दोघांच्या तोंडी-कानी तोच आला. वेळ जुळली तो योगायोग. असं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी खाली हेच चार मुद्दे टाकून मोकळा झालो असतो. इथवर माझी काही तक्रार नव्हती. उलट मला एक वेगळीच गोष्ट छळत होती. मी 'उजवीकडे' म्हणालो, आणि माझ्या भाषेत उजवीकडे म्हणजे घळ. म्हणजे मी पोरीला ओढ्यात घालायला निघालो होतो, आणि ती वाचली ती मी तेवीस वर्षांपूर्वी केलेल्या चुकीमुळे? हा विचार आला की जेवण जात नव्हतं.

मग मी तो मेसेज नीट वाचला. पहिल्यांदा मी फक्त वेळ बघितली होती. संध्याने बहिणीला लिहिलं होतं ते जसंच्या तसं देतो —

"हे झोपेत ट्रेकिंग करतायत. तोंडाने उजवीकडे उजवीकडे आणि डावा हात वर करून दाखवतायत. लेकीचं वळण बापाला लागलं."

मी संध्याला विचारलं, डावा हात? नक्की? ती म्हणाली, "मग! म्हणून तर हसू आलं मला. सोफ्याच्या बाहेर असा ताठ हात काढला होता, मराठी शाळेतल्यासारखा."

मी जन्मभर उजव्या हाताचा माणूस आहे. शाळेच्या कवायतीतही कधी चुकलो नाही. झोपेत हात कुठलाही उचलला जातो, हे मलाही माहीत आहे. कृपया खाली लिहू नका. त्यानंतर महिनाभर संध्याने रोज दुपारी माझ्या उशाशी फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. माझं घोरणं सोडून त्यात काहीही मिळालं नाही.

मेअखेरीस माझा गुडघा चालता झाल्यावर आम्ही दोघं पाट्यावर गेलो. माश्या नेहमीसारख्या फोडून काढत होत्या. उतरताना त्या फाट्यापासून मी मुद्दाम उजव्या रस्त्याने थोडा खाली जाऊन आलो. शंभरेक पावलांवर जमीन संपते आणि खाली ओढा. हिवाळ्यात त्यावर बर्फाचं पातळ झाकण असणार, वरून सपाट मैदानासारखं दिसणारं. मी तिथे फार वेळ उभा राहिलो नाही.

परत फाट्यावर आलो तर मुक्ता पाटीला टेकून उभी होती. ऊन होतं, पाटी वाचता येत होती, निळी खूण समोर चकाकत होती. तरी ती चेहरा सरळ ठेवून म्हणाली, "बाबा, कुठे जायचं?"

अठरा वर्षांत मी त्या डोंगरावर तो शब्द जागेपणी कधी उच्चारला नव्हता. मी म्हणालो, "उजवीकडे."

ती डावीकडे वळली आणि मी तिच्या मागोमाग गेलो.

कारण मला अजून सापडलेलं नाही. नोकरीत असं झालं तर मी फाइल बंद करू देत नाही. ही फाइलही उघडीच आहे, कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. पण घरी येऊन मी वहीत नोंद केली — तारीख, तापमान, माश्या भरपूर, गुडघा ठीक. परतीची वाट : उजवीकडे. ते मी खोडलेलं नाही.